वडीलकीचा अंमल

पेशवाई 1818 साली बुडाली, परंतु घराघरांतली वडिलांची पेशवाई त्यानंतर शंभर वर्षे तरी बुडाली नाही. ती इतकी वर्षे टिकली याचे कारण पुष्कळजण धर्मश्रद्धेत शोधतात आणि ती ढासळत गेली याचे कारण इंग्रजी ग्रंथांत शोधतात. मिल्ल आणि स्पेन्सर वाचून मुलगे बिघडले, असे त्या काळचे वृद्ध म्हणत असत. मिल्ल आणि स्पेन्सर वाचून आपण शहाणे झालो, असे ते मुलगेही म्हणत असत. या एका बाबतीत दोन्ही पक्षांचे आश्चर्यकारक एकमत होते, आणि मला वाटते, दोघांचीही त्यात थोडी फसगत होत होती. भांडणाचे मूळ ग्रंथांच्या पुष्कळ खाली, घराच्या जमाखर्चात आणि लग्नाच्या याद्यांत होते. जुन्या व्यवस्थेत मुलाला विद्या मिळे ती वडिलांच्या किंवा चुलत्याच्या तोंडून, उपजीविका मिळे ती वडिलांच्या वतनातून, वृत्तीतून वा जमिनीतून, आणि बायको मिळे तीही वडिलांनी पाहिलेली. तिन्ही गोष्टींच्या किल्ल्या एकाच कमरेला असल्यामुळे भांडणाला जागाच नव्हती. इंग्रजी अमलाने पहिल्या दोन किल्ल्या त्या कमरेवरून काढून घेतल्या, तिसरी मात्र तिथेच राहू दिली. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांचा महाराष्ट्रातील पिता-पुत्र कलह हा त्या तिसऱ्या किल्लीचा इतिहास आहे.

दिग्रससारख्या वऱ्हाडातल्या कापसाच्या गावी बसून हा इतिहास वाचण्यात एक सोय आहे. पुण्याच्या पेठांतील अभिनिवेश इथवर येता येता पुष्कळ निवलेला असतो, आणि मग सुधारक कोण व सनातनी कोण एवढाच प्रश्न न विचारता, बाप असा का वागला आणि मुलगा तसा का वागला, हा प्रश्न विचारण्याची फुरसत मिळते. शिवाय चीनच्या अर्वाचीन इतिहासाशी ज्याचा थोडासा परिचय आहे, त्याला आपल्या या कहाणीची दुसरी प्रतच तिथे लिहून ठेवलेली आढळते. अक्षर निराळे, परंतु मजकूर पुष्कळसा तोच.

पहिली ठिणगी पडली ती दक्षिणेवरून. पेशवे श्रावणमासात पर्वतीजवळच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत, आणि ती घेण्यास देशोदेशीचे वैदिक व शास्त्री पुण्यास जमत. इंग्रज सरकारने ती वहिवाट एकदम मोडली नाही. रक्कम आटवीत नेली आणि तिचा काही भाग 1821 साली विश्रामबागवाड्यात काढलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. तिथपर्यंत वृद्धांनी निभावून नेले. परंतु 1849 साली पुण्यातल्या काही तरुणांनी, ज्यांत लोकहितवादी गोपाळराव देशमुख हे प्रमुख, सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेचा काही पैसा मराठी भाषेत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस पारितोषिक म्हणून द्यावा, आणि त्यात जातीची अट नसावी. अर्जाची भाषा नम्र होती. त्याचा अर्थ मात्र असा होता की आजवर जी विद्या वडिलांनी पाठ केली तिची किंमत पोरे ठरवणार. शास्त्रीमंडळी एवढी खवळली की अर्जदारांना मारहाणीची भीती पडली, आणि त्यांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुल्यांनी अस्पृश्य समाजातले धट्टेकट्टे तरुण आणून उभे केले, असे धनंजय कीरांच्या फुले-चरित्रात आले आहे. सरकारने 1851 साली दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन करून तरुणांच्या पदरात बरेचसे माप टाकले. विद्येची किल्ली गेली ती अशी.

ज्या जोतीरावांनी दुसऱ्यांच्या मुलांना संरक्षण दिले, त्यांना त्याच वर्षी स्वतःच्या बापाने घराबाहेर काढले होते. गोविंदराव फुले हे पुण्यातील फुलांचे व्यापारी. मुलाला मिशनच्या शाळेत घातले, लोकांच्या सांगण्यावरून काढले, आणि गफ्फार बेग मुन्शी व लेजिट साहेब यांच्या सांगण्यावरून 1841 मध्ये पुन्हा घातले, यावरूनच हा मनुष्य दुष्ट नव्हता, केवळ चारचौघांच्या मताने चालणारा होता, हे दिसते. 1848 साली जोतीरावांनी भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई शिकवू लागल्या, आणि चारचौघांनी गोविंदरावांना गाठले. बापाने मुलापुढे पर्याय ठेवला: शाळा सोड, नाही तर घर सोड. मुलगा आणि सून नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडली आणि उस्मान शेख नावाच्या मित्राने त्यांना आसरा दिला. इथे बापाची शक्ती पूर्ण चालली, कारण घर बापाचे होते. आणि ती निष्फळ ठरली, कारण घराबाहेर पोट भरण्याचा मार्ग आता उपलब्ध होता.

तेच 1849 साल मुंबईतही गाजले असते, परंतु तिथल्या तरुणांनी ते गाजू दिले नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या प्रेरणेने तिथे परमहंस सभा निघाली. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. जातिभेद न मानणे हे तिचे ब्रीद, आणि नव्या सभासदाची परीक्षा म्हणजे ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेल्या पावाचा तुकडा सर्वांदेखत खाणे. ही सर्व मंडळी शिकलेली, बरीचशी कमावती, वयाने जाणती; आणि तरीही सभा दार लावून, गुप्तपणे भरे. इंग्रज सरकारची त्यांना भीती नव्हती, शास्त्र्यांची फारशी नव्हती. भीती होती ती घरी चुलीपाशी बसलेल्या आईची आणि ओसरीवर पोथी वाचणाऱ्या बापाची. 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांचे दप्तर चोरीस जाऊन फुटले आणि सभा तत्काळ विसर्जन पावली. दहा वर्षे चाललेली धर्मक्रांती कागदांची एक गठडी नाहीशी होताच संपावी, यावर मागाहून पुष्कळ हसू झाले. ज्यांनी ग्रामण्य पाहिलेले नाही, त्यांनाच ते हसू परवडते.

ग्रामण्य म्हणजे नुसता बहिष्कार नव्हे. एका मुलाने मर्यादा मोडली तर शिक्षा त्याला होत नसे, त्याच्या घराला होई. श्राद्धपक्षाला भट मिळत नसे, म्हणजे आजा-पणजा उपाशी. धाकट्या भावाची मुंज खोळंबे. न्हावी-परीट अडवले जात. परंतु सर्वांत जिव्हारी लागणारा घाव निराळाच असे: घरची उपवर मुलगी कोणी करीत नसे, आणि सासरी गेलेल्या बहिणीला माहेरी पाठवीत नसत. म्हणजे पुण्यात किंवा मुंबईत मुलाने पावाचा तुकडा खाल्ला की कोकणातल्या एखाद्या खेड्यात त्याच्या बहिणीचे बाळंतपण माहेराविना होई. बाप मुलावर ओरडे तेव्हा त्या ओरडण्यात अधिकार जेवढा असे, तेवढीच भीतीही असे. जातीने त्याला त्याच्या मुलीबाळींच्या रूपाने ओलीस धरलेले होते. त्या काळच्या सुधारकी वाङ्मयात हा बाप बहुधा खलपुरुष म्हणून येतो. मला तो पुष्कळदा जामीनकतबा लिहून दिलेल्या गरीब गृहस्थासारखा वाटतो.

विधवाविवाहाच्या प्रश्नावर हा पेच अगदी उघड झाला. 1856 च्या कायद्याने असा विवाह सशास्त्र नसला तरी सकायदा ठरला. 1865 साली विष्णुशास्त्री पंडितांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळ काढले. 1869 च्या जूनमध्ये पांडुरंग विनायक करमरकर आणि वेणूबाई यांचा विवाह मुंबईत लागला, आणि त्याला उत्तेजन देणाऱ्या पुढाऱ्यांवर बहिष्कार पडला. पुढच्या वर्षी पुण्यात शंकराचार्यांपुढे दोन्ही पक्षांच्या शास्त्र्यांचा वाद झाला, निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. या मंडळाच्या आघाडीवर तरुण महादेव गोविंद रानडे होते. 1871 साली ते पुण्याचे सबजज्ज झाले. दुसऱ्यांच्या वडिलोपार्जित मिळकतींचे दावे निकालात काढणारा हा मनुष्य 1873 साली स्वतःच्या वडिलांपुढे हरला.

त्या वर्षी रानड्यांची पहिली पत्नी वारली. ते एकतीस वर्षांचे होते. मित्रमंडळी आता त्यांचा विवाह एखाद्या विधवेशी लावतील हे त्यांच्या वडिलांच्या, गोविंदरावांच्या, ध्यानात आले, आणि त्यांनी घाई केली. मुलाने लग्नच नको म्हणून पाहिले, निदान थोडा अवधी तरी मागून पाहिला. वडिलांनी युक्तिवाद केला नाही. आपण संबंध तोडून करवीरास निघून जाऊ, असे सांगितले. हायकोर्टाच्या वकिलालाही या मुद्द्याला उत्तर देता आले नसते. डिसेंबरात कुर्लेकरांच्या घरची अकरा वर्षांची मुलगी त्यांच्या घरी आली. तिचे नाव रमाबाई ठेवले. तिच्या हाती रानड्यांनी लगेच पाटी दिली. आणि तिनेच पुढे 1910 साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हा सर्व प्रसंग लिहून ठेवल्यामुळे तो आपल्याला माहीत आहे. पतीच्या पराभवाची इतकी प्रेमळ आणि इतकी प्रामाणिक नोंद मराठीत दुसरी नसेल. सुधारक म्हणून रानड्यांची त्या वेळी जी नाचक्की झाली ती त्यांनी मुकाट्याने सोसली. दरमहाचा पगार त्यांच्या हातात होता, घर त्यांच्या पगारावर चालत होते. तरी तिसरी किल्ली वडिलांपाशीच होती.

चीनच्या इतिहासात या प्रसंगाची जोडचित्रे आहेत. लू शून हा त्यांचा थोर लेखक जपानात शिकत असता 1906 साली आईने त्याला घरी बोलावले आणि आपण ठरवलेल्या मुलीशी त्याचे लग्न लावले. थोड्याच दिवसांत तो जपानला परतला आणि त्या पत्नीशी त्याचा संसार कधीच झाला नाही. हू शी हा अमेरिकेत तत्त्वज्ञान शिकून 1917 साली पेकिंगच्या विद्यापीठात अध्यापक झाला, बोलभाषेतल्या साहित्याचा पुरस्कर्ता म्हणून देशभर गाजला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गावी जाऊन, तेरा वर्षांपूर्वी आईने जिच्याशी वाङ्‌निश्चय केला होता त्या मुलीशी विवाह करून आला. हू शीची आई तारुण्यात विधवा झालेली, तिने मुलाला कष्टाने वाढवलेले. तिचे मन मोडणे हे त्याला कन्फ्यूशिअसचे खंडन करण्याहून कितीतरी अवघड वाटले. दोन्ही देशांत वडिलांचा राग तरुणांनी पुष्कळदा सोसला, परंतु आईच्या डोळ्यांतले पाणी बहुतेकांना सोसले नाही.

आपल्याकडे ते सोसून दाखवणारा एक पुरुष निघाला, आणि त्याच्या घडणीत आमच्या वऱ्हाडाचाही वाटा आहे, हे इथे थोड्या अभिमानाने नमूद करतो. गोपाळ गणेश आगरकर हे 1856 साली कऱ्हाडाजवळच्या टेंभू गावी जन्मले. दारिद्र्यामुळे शिक्षणासाठी वणवण करीत अकोल्यास पोचले, आणि तिथूनच 1875 साली मॅट्रिक होऊन डेक्कन कॉलेजात गेले. अकोल्याचे हेडमास्तर विष्णु मोरेश्वर महाजनी यांचा त्यांना आधार मिळाला. मोठ्या परीक्षा चालू असता त्यांनी आईला जे पत्र लिहिले ते महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे: मुलाला आता मोठ्या पगाराची जागा मिळेल अशी आशा तू करीत असशील, पण मी पोटापुरत्या पैशावर संतोष मानून लोकहितात काळ घालवणार आहे, असा त्याचा आशय. या पत्राकडे आपण त्यागाचे पत्र म्हणून पाहतो आणि ते तसे आहेच. परंतु त्या माउलीच्या बाजूने ते वाचले म्हणजे असे दिसते की, एका गरीब घराने एका मुलाच्या शिक्षणावर जी सगळी पुंजी लावली तिचा परतावा मिळणार नाही, याची ती लेखी सूचना होती. आगरकर 1881 साली ‘केसरी’चे संपादक झाले, कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहिले, आणि 1888 साली ‘सुधारक’ काढून बालविवाह, केशवपन, वडिलांची अनियंत्रित सत्ता यांवर त्यांनी असे कोरडे ओढले की पुण्याच्या सनातन्यांनी ते हयात असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, 1895 मध्ये, ते खरोखरच गेले.

या सगळ्या बाप-लेकांच्या भांडणात मुलीला कोणी काही विचारीत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. रमाबाईंना कोणी विचारले नाही, तसे हू शीच्या वधूलाही कोणी विचारले नाही. रखमाबाईने मात्र अकराव्या वर्षी झालेल्या लग्नाचा नवरा मोठेपणी नाकारला. 1884 साली नवऱ्याने दावा लावला, 1887 साली नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने कैदेत जा असा हायकोर्टाचा हुकूम झाला, आणि तिने कैद पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि ती विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आली. तिच्या पाठीशी तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन उभे होते. वडीलधारी माणसे सर्वत्र एकाच पक्षात होती असे समजू नये, एवढ्यासाठी हे नाव.

आता मुरूडची हकीगत. दापोली तालुक्यातल्या या समुद्रकाठच्या गावचे धोंडो केशव कर्वे यांनी विद्येसाठी काय केले ते एका गोष्टीवरून कळेल: परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा कुंभार्लीच्या घाटाने पायी साताऱ्यास गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षकांनी त्याला परत पाठवले. असा मुलगा पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा अध्यापक झाला तेव्हा गावाला त्याचा अभिमान वाटावा हे साहजिकच होते. 1891 साली पत्नी वारल्यावर त्यांनी ठरवले की पुन्हा लग्न केले तर विधवेशीच. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणारी गोदूबाई ही त्यांच्या मित्राची बहीण. तिचे वडील बाळकृष्णपंत जोशी राजी झाले. आणि 11 मार्च 1893 रोजी पुण्यात विवाह झाला. रानडे ज्या ठिकाणी मागे हटले त्याच ठिकाणाहून वीस वर्षांनी कर्वे पुढे गेले. वीस वर्षांत ग्रंथ फारसे बदलले नव्हते. बदलले होते ते एवढेच की कर्व्यांचे वडील हयात नव्हते, आणि त्यांची भाकरी मुरूडच्या कोणाच्याही हाती नव्हती.

मुरूडकरांनी म्हणून दुसरा मार्ग धरला. नवे जोडपे गावी आले तेव्हा गावाने सभा भरवून ठराव केला: कर्वे ज्या बैठकीत असतील तिथे कोणी बसू नये, आणि ते आपल्या घरी राहिले तर त्या घरावर बहिष्कार पडेल. ठरावाचे टोक धोंडोपंतांकडे नव्हतेच; ते त्यांच्या आईकडे आणि थोरल्या भावाकडे होते. सून दाराशी आली असता तिला घरात घ्यायचे नाही, लेक ताटावर बसवायचा नाही, आणि हे सर्व गावाच्या नजरेखाली करून दाखवायचे, अशी ती शिक्षा होती. मायलेक रडले. कर्वे वाद घालीत बसले नाहीत. निराळ्या जागी उतरले, आईला अवघड पडेल असे काही केले नाही, आणि पुण्यास परतून 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला. आपल्या ‘आत्मवृत्ता’त त्यांनी मुरूडकरांबद्दल कटुतेने लिहिलेले नाही. हा त्यांचा मोठेपणा म्हणून सांगतात. मला त्यात समजूतदारपणा अधिक दिसतो. ठराव करणाऱ्यांच्याही घरी लग्नाच्या मुली होत्या, हे ते विसरले नव्हते.

चीनमध्ये हीच गोष्ट पुढे निराळ्या वळणाने गेली, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. 1905 साली तिथल्या राजसत्तेने शेकडो वर्षांची सरकारी नोकरीची परीक्षा रद्द केली. म्हणजे आपल्या दक्षिणेसारखीच वडिलांनी पाठ केलेली विद्या एका हुकमाने कवडीमोल झाली. 1911 ची क्रांती होऊन बादशहा गेला, आणि बापाचा अधिकार ज्या बादशाही नमुन्यावर बेतलेला होता तो नमुनाच राहिला नाही. 1915 साली छन तू-शिऊने ‘नवयुवक’ मासिक काढले; 4 मे 1919 रोजी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले; त्याच वर्षी नोव्हेंबरात छांगशा शहरात चाओ घराण्यातल्या एका मुलीने मनाविरुद्धच्या लग्नाला नेणाऱ्या पालखीतच गळा चिरून घेतला, आणि तिच्यावर लागोपाठ लेख लिहिणाऱ्या पंचविशीतल्या लेखकाचे नाव होते माओ त्से-तुंग. तिथे कुलाचा दाब होता, वंशावळीतून नाव काढण्याची धमकी होती. परंतु आपल्यासारखी जात नव्हती. घर सोडून शांघायला गेलेल्या मुलाच्या पायी बहिणीचे लग्न मोडेलच असे नव्हते. म्हणून चिनी मुलगे घर सोडून गेले. आपले मुलगे प्रायश्चित्त घेऊन घरीच राहिले. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल जे ग्रामण्य उठले, त्यात टिळकांनी आणि शेवटी रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले, याचा उलगडा इथे होतो. अर्थात चीनमध्येही जो राहिला त्यालाच भरावे लागले. पा चिनने 1931 साली ‘कुटुंब’ ही कादंबरी क्रमशः छापण्यास आरंभ केला, तिच्यातील आज्ञाधारक थोरला भाऊ त्याच्या स्वतःच्या भावावरून घेतलेला होता. आणि लेखमाला सुरू होते न होते तोच कुटुंबाच्या कर्जापायी पिचलेल्या त्या भावाने आत्महत्या केली. धाकट्याचे बंड ज्याच्या जिवावर होते, तो थोरला इतिहासात क्वचितच येतो.

वऱ्हाडात हा कलह उशिरा आला. 1853 साली निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, पुढे रयतवारी पाहणी झाली, आणि सरकारी दप्तरात जमीन बापाच्या नावे चढली. अमेरिकेतल्या यादवीने कापसाला जो भाव आणला त्याने तो बाप आणखी बलवान झाला. दारव्हा-दिग्रसकडच्या कास्तकाराचा मुलगा पऱ्हाटीत राबे तोवर त्याला मिळकत नव्हती आणि मतही नव्हते. नागपूरला 1885 साली मॉरिस कॉलेज निघाले आणि अमरावतीला 1923 साली किंग एडवर्ड कॉलेज, तेव्हा कुठे पगारी मुलगा ही जात इकडे दिसू लागली, आणि पुण्यात जो प्रश्न दोन पिढ्यांपूर्वी उठला होता तो इथल्या वाड्यांतून उठला: ज्याच्या शिक्षणासाठी बैलजोडी विकली, त्याचा पगार कोणाचा?

कायद्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर वडिलांच्या बाजूचे होते. कुटुंबाच्या खर्चाने विशेष विद्या मिळवली असेल तर तिच्यावरची कमाई एकत्र कुटुंबाची, असा जुना न्याय. आणि 1921 साली प्रिव्ही कौन्सिलने तो एका आय. सी. एस. अधिकाऱ्याच्या मिळकतीलाही लागू केला. जिल्ह्याचा कारभार पाहणारा साहेब घरी मात्र अविभक्त कुटुंबाचा एक हिस्सेदार, आणि त्याच्या पगारावर भावाच्या सावकाराचा हात पोचतो, असा तो चमत्कारिक निवाडा होता. मुकुंदराव जयकरांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणून हा न्याय फिरवला. 1930 च्या विद्याधनाच्या कायद्याने शिकलेल्या मुलाची कमाई त्याची स्वतःची ठरली.

त्याच वर्षी 1 एप्रिलपासून सारडा कायदा अमलात आला आणि चौदा वर्षांखालील मुलीचे व अठरा वर्षांखालील मुलाचे लग्न लावणे गुन्हा ठरले. तिसऱ्या किल्लीला सरकारने लावलेला हा पहिला हात. कायदा मंजूर झाल्यापासून तो अमलात येईपर्यंत सहा महिन्यांची मुदत होती, आणि देशभरच्या वडिलांनी त्या मुदतीचा पुरेपूर उपयोग केला: मुहूर्त अपुरे पडले, पाळण्यातल्या पोरांना बाशिंगे बांधली गेली, आणि 1931 ची खानेसुमारी झाली तेव्हा पंधरा वर्षांच्या आतील विवाहित मुलींची संख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा लाखांनी वाढलेली निघाली.